दुकानात वस्तूशेजारी उभा असलेला माणूस कोणाचा?

दुकानांमध्ये नव्या उत्पादनाच्या प्रचारासाठी माणसे नेमण्याच्या ज्या जाहिराती निघतात, त्या मी काही काळापासून जरा लक्ष देऊन वाचतो आहे. वय अमुक ते अमुक, उंची किमान इतकी, व्यक्तिमत्त्व आकर्षक, बोलणे अस्खलित, दिवसभर उभे राहण्याची तयारी, अर्जासोबत दोन फोटो आणि त्यांतला एक पूर्णाकृती, अशी ही यादी असते. इतके सगळे विचारले जाते. मात्र ज्या वस्तूविषयी या माणसाने दिवसभर लोकांशी बोलायचे आहे, त्या वस्तूविषयी त्याला काय माहीत असावे किंवा त्याला काय शिकवले जाणार आहे, याचा एका शब्दानेही उल्लेख नसतो. पुष्कळदा वस्तू कोणती हेही जाहिरातीत नसते. ते निवड झाल्यावर, कधी कधी तर कामाच्या दिवशी सकाळी कळते.

नेमणाऱ्याच्या मनात या कामाची कल्पना काय आहे, ते या जाहिरातींवरून पुरते उघड होते. त्याला चेहरा हवा असतो. त्या चेहऱ्यातून बाहेर पडणारे शब्द कागदावर आधीच छापलेले असतात. ही कल्पना मला मुळातच चुकीची वाटते. दुकानात वस्तूशेजारी उभी राहून जी व्यक्ती ग्राहकाशी बोलते, ती त्या वेळेपुरती कंपनीची प्रवक्ती असते आणि तिच्या तोंडचे वाक्य हे कंपनीचे वाक्य असते. म्हणून तिची निवड समजुतीवर आणि माहितीवर व्हावी, मोबदला तिच्या वेळेचा मिळावा, खपलेल्या नगांचा मिळू नये, आणि ती कोणाची माणूस आहे हे ग्राहकाला पहिल्या नजरेत कळावे, इतकेच मला म्हणायचे आहे.

हे विचार मनात येण्याचे निमित्त एका दुकानात घडले. त्वचेच्या एका क्रीमचे प्रात्यक्षिक चालले होते. टेबलावर पांढरे कापड, त्यावर ट्यूबांचा मनोरा आणि मागे उभा बॅनर. प्रमोटर म्हणून उभी असलेली तरुणी फार तर बावीस वर्षांची असेल. अंगात कंपनीच्या रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पण ते उलटे फिरलेले. येणाऱ्याच्या मनगटामागे बोटाच्या पेराएवढे क्रीम लावायचे, दोन बोटांनी गोल फिरवायचे आणि मग ‘फरक जाणवतोय ना?’ असे विचारायचे, हा क्रम तिच्या हातात इतका बसला होता की तिचे डोळे तोवर पुढच्या ग्राहकाकडे गेलेले असत. एक बाई लहान मुलीला घेऊन थांबल्या. क्रीम लावून घेतल्यावर त्यांनी विचारले, ‘हिला एक्झिमा आहे, हिला चालेल का?’ तरुणीचा हात थांबला. तिने ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचण्याचा प्रयत्न केला. घटकांची यादी ट्यूबच्या दुमडलेल्या टोकापाशी अशी छापलेली होती की ती धड वाचताही येत नव्हती. ‘हो, सगळ्यांना चालतं,’ ती म्हणाली. आणि क्षणभराने, आवाज खाली आणून, ‘तरी तुम्ही एकदा डॉक्टरांना विचारून मगच घ्या, ताई.’ बाईंनी ट्यूब परत ठेवली. दहा पावलांवर हातात मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या सुपरवायझरने मान वर करून पाहिले.

गर्दी ओसरल्यावर मी तिला प्रशिक्षणाबद्दल विचारले. सकाळी अर्धा तास ब्रीफिंग झाले होते, एक कागद हातात दिला होता आणि तो पाठ करायला सांगितला होता. आदल्या आठवड्यात ती दुसऱ्या एका दुकानात मोबाइल विकत होती, पुढच्या आठवड्यात काय असेल ते एजन्सी कळवणार होती. तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता. हे असेच असते, हे तिने स्वीकारलेले होते. मला मात्र तिची ती दोन वाक्ये विसरता येईनात. पहिले वाक्य कागदावरचे होते आणि ते बेजबाबदार होते. दुसरे तिचे स्वतःचे होते, ते योग्य होते, आणि त्या वाक्याने तिचा एक नग बुडवला. ज्या व्यवस्थेत योग्य वाक्य बोलणाऱ्याला भुर्दंड पडतो, त्या व्यवस्थेत माणसे हळूहळू पहिल्याच वाक्यावर थांबायला शिकतात, आणि त्याचा दोष त्या माणसांना देता येत नाही.

वस्तूशेजारी उभे राहणाऱ्या माणसाला चेहरा मानण्याची रीत आजची नाही. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतल्या एका तयार पिठाच्या कंपनीने नॅन्सी ग्रीन या कृष्णवर्णीय बाईंना नेमले. १८३४ साली गुलामगिरीत जन्मलेल्या या बाई प्रदर्शनात त्या पिठापासून पॅनकेक करून दाखवत, लोकांशी गप्पा मारत, आणि ‘आंट जेमायमा’ या काल्पनिक पात्राच्या वेशात जुन्या मळ्यांवरच्या आयुष्याच्या गोड आठवणी सांगत. गुलामगिरी स्वतः भोगलेल्या बाईने गुलामगिरीच्या काळाचे गोडवे गायचे आणि त्यावर पीठ खपवायचे, अशी ती भूमिका होती. त्यांचे कौशल्य खरे होते. समोर करून दाखवणे, चव देणे आणि बोलते ठेवणे हे आजच्या प्रमोटरचे सगळे काम त्या तेव्हा करत होत्या. पण पुढे पात्र प्रसिद्ध झाले आणि बाई मागे पडल्या. १९२३ मध्ये एका मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कबरीवर नावाचा दगड लागायला २०२० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी कंपनीने ते पात्र आणि ते नाव बाजारातून मागे घेण्याचे जाहीर केले. सगळ्याच प्रचारकांची गत अशी होते असे मी म्हणत नाही. परंतु माणसाला पात्र बनवून उभे केले की त्याच्या तोंडी काय घालावे याला धरबंध राहत नाही, आणि बोलणाऱ्याला ते शब्द परके आहेत की आपले, हे कोणी विचारत नाही, एवढे या उदाहरणावरून निश्चित दिसते.

चेहऱ्याच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो साधा आहे: आकर्षक माणूस उभा असला की लोक थांबतात, आणि लोक थांबले की माल खपतो. बोलणाऱ्याची मातीही खपते असे आपण म्हणतोच. या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग खरा असेलही. दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल मला शंका आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दुकानात जॅम चाखून पाहण्याचे टेबल मांडले होते. टेबलावर २४ प्रकार ठेवले तेव्हा समोरून गेलेल्या २४२ ग्राहकांपैकी १४५ थांबले. ६ प्रकार ठेवले तेव्हा २६० पैकी १०४ थांबले. गर्दीच्या हिशेबाने पहिले टेबल सरस ठरले. खरेदी मात्र पहिल्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी फक्त ४ जणांनी केली, आणि दुसऱ्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३१ जणांनी. जास्त पर्याय दिले की खरेदी घटते, हा या अभ्यासातून काढलेला सरसकट निष्कर्ष पुढच्या संशोधनात टिकला नाही. २०१० साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा तो परिणाम सरासरीने जवळजवळ शून्य निघाला. माझा मुद्दा पर्यायांच्या संख्येचा नाही. थांबणाऱ्यांची संख्या आणि घेणाऱ्यांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही, हे त्या दोन टेबलांच्या आकड्यांतून इतके ठळक दिसते की गर्दीचे फोटो पाठवून कार्यक्रम यशस्वी झाल्याचे कळवणाऱ्या एजन्सींनी ते आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

शोभेसाठी माणसे उभी करण्याच्या प्रथेबद्दल काही ठिकाणी पुनर्विचार झाला आहे. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या आयोजकांनी २०१८ मध्ये शर्यतीआधी मोटारींशेजारी तरुणी उभ्या करण्याची पद्धत बंद केली, आणि २०१५ च्या शांघाय मोटार प्रदर्शनात मॉडेल उभ्या करण्यावर बंदी होती. त्यावर रोजगार गेल्याची ओरडही झाली आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. मला हा वाद अर्धवट वाटतो. शोभेचे माणूस काढून टाकायचे की ठेवायचे एवढाच प्रश्न त्यात विचारला गेला. त्याच माणसाला मोटारीचे इंजिन समजावून सांगायला का शिकवले नाही, हे फारसे कोणी विचारले नाही.

आता मोबदल्याकडे वळतो, कारण माझ्या मते गाठ इथे आहे. रोजचा ठरावीक भत्ता कमी ठेवायचा, त्यावर टार्गेट द्यायचे आणि टार्गेटच्या वर गेलेल्या प्रत्येक नगावर इन्सेंटिव्ह द्यायचा, ही सर्वत्र रुळलेली पद्धत आहे. नेमणारा म्हणतो की यामुळे माणूस झटून काम करतो. करतो, यात शंका नाही. पण तो कोणते काम झटून करतो? ग्राहकाच्या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे काम इन्सेंटिव्हच्या तक्त्यात कुठेच मोजले जात नाही. ज्याला वस्तू उपयोगी नाही त्याला तसे सांगणे हे तर त्या तक्त्यात नुकसान म्हणूनच उमटते. विक्रेत्याने विकण्यासाठी बोलावे हे आपण समजून घेतो, कारण तो विक्रेता आहे हे आपल्याला माहीत असते आणि आपण त्याच्या बोलण्यातून तेवढे वजा करतो. मात्र जिची ओळख ‘माहिती देणारी’ म्हणून करून दिली आहे आणि जिचे पोट नगांवर आहे, तिच्या बोलण्यातून नेमके किती वजा करावे हे ग्राहकाला कसे कळणार?

हा धोका नुसत्या तर्काचा नाही. विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात बाळांच्या दुधाच्या भुकटीच्या प्रचारासाठी कंपन्यांनी नेमलेल्या स्त्रिया परिचारिकेच्या पोशाखात प्रसूतिगृहांत आणि घरोघरी जाऊन नव्या मातांना सल्ला देत असत. त्यांच्यातल्या काही खरोखरच शिकलेल्या परिचारिका होत्या, काही नव्हत्या. मातेला दोघी सारख्याच दिसत. त्यावर जगभर वादळ उठले आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, मातेच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. ही संहिता म्हणजे शिफारस आहे. ती आपोआप कायदा होत नाही, प्रत्येक देशाने तिला कायद्याचे रूप द्यावे लागते. तिच्यातली दोन कलमे आपल्या विषयाशी थेट भिडतात. पाचव्या कलमाने दुकानात या उत्पादनांचे नमुने वाटण्याला आणि थेट ग्राहकाला भुरळ घालणाऱ्या प्रचाराला नकार दिला. आठव्या कलमाने सांगितले की विपणनाच्या माणसांचा बोनस ठरवताना या उत्पादनांची विक्री हिशेबात धरू नये आणि त्यांना विक्रीचे टार्गेट देऊ नये. मला हे आठवे कलम विशेष वाटते. खोटे बोलू नका असा उपदेश करून ते थांबले नाही. खोटे बोलायला भाग पाडणारा जो हिशेब, त्यावरच त्याने बोट ठेवले. नवजात बाळाचे अन्न आणि केस वाळवण्याचे यंत्र यांना एका तराजूत घालता येणार नाही हे मला मान्य आहे. पण त्वचेला लावायची क्रीम, पूरक आहाराच्या पावडरी, कान-डोळ्यांची उपकरणे, लहान मुलांच्या वस्तू, म्हणजे ज्यांच्याबाबत चुकीचा सल्ला शरीराला भोवतो अशा सगळ्या मालासाठी हे तत्त्व लागू करायला काय हरकत आहे, याचे पटेल असे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

पोशाखाचा प्रश्नही याच गाठीचा एक पदर आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर पांढरा कोट घालून उभी असलेली व्यक्ती काय सुचवू पाहते हे सांगायला नको. त्याच्या उलट टोकाला, दुकानाच्या कर्मचाऱ्यांसारखाच टी-शर्ट घातलेला कंपनीचा माणूस ग्राहकाला दुकानाचा वाटतो, आणि ‘या दहांपैकी चांगला कोणता?’ असा प्रश्न ग्राहक त्याला भाबडेपणाने विचारतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेची, जाहिरातींतल्या शिफारशींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९८० पासून आहेत. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये ती सुधारली गेली. शिफारस करणाऱ्याचे कंपनीशी आर्थिक नाते असेल आणि ग्राहकाला ते अपेक्षित नसेल, तर ते उघड करावे, हा त्यांचा गाभा आहे. या तत्त्वांची चर्चा होते ती नट-नट्या, खेळाडू आणि समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांच्या संदर्भात. दुकानातल्या टेबलामागच्या माणसाचा विचार त्या चर्चेत जवळजवळ नसतो, आणि खरेदीचा निर्णय तर पुष्कळदा त्याच्यासमोर, तिथल्या तिथे होतो. ‘मी अमुक कंपनीतर्फे आले आहे’ हे पहिले वाक्य असावे आणि ओळखपत्रावर स्वतःच्या नावाखाली कंपनीचे नाव ठसठशीत असावे, एवढी साधी अट घालायला कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. दुकानदाराने दाराशीच ती घालावी. ओळखपत्र उलटे फिरणार नाही अशा पद्धतीने लावता येते, हेही जाता जाता नोंदवतो.

पण या माणसाचा मालक कोण, हे तरी कुठे स्पष्ट असते? उत्पादक कंपनी जाहिरात संस्थेला काम देते, ती कार्यक्रम भरवणाऱ्या एजन्सीला, ती माणसे पुरवणाऱ्या कंत्राटदाराला, आणि तो फोनमधल्या यादीतून माणसे बोलावतो. दुकानदार जागा देतो आणि गर्दीच्या वेळी याच माणसाला फळ्यांवर माल लावायला किंवा पलीकडच्या काउंटरवर मदतीला पाठवतो. पैसे उतरत्या क्रमाने खाली येतात आणि प्रत्येक पायरीवर थोडे थोडे गळतात. शिवाय ते येईपर्यंत कार्यक्रम विसरला गेलेला असतो. ग्राहकाला चुकीची माहिती मिळाली तर दोष मात्र याच शिडीवरून उलटा न चढता थेट शेवटच्या पायरीवर राहतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या १८१ क्रमांकाच्या कराराने, काही अपवाद सोडता, एजन्सीने कामगाराकडून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष कोणतेही शुल्क घेऊ नये असे म्हटले आहे. नोंदणीचे पैसे, फोटोंचे पैसे, टी-शर्टची अनामत ही सगळी अप्रत्यक्ष शुल्काचीच रूपे आहेत. दक्षिण कोरिया आणि जपान या दोन देशांनी बड्या दुकानांनी पुरवठादारांच्या माणसांना स्वतःच्या कामाला जुंपण्यावर नियमांनी मर्यादा घातल्या आहेत, म्हणजे ही कुरबुर मोजक्या लोकांपुरती नाही हे तिथल्या नियमकर्त्यांना पटले असावे.

दिवसभर हसतमुख राहणे हेही काम आहे, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानांतल्या सेविकांच्या अभ्यासातून मांडले आणि त्याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी त्यावर थांबत नाही. पायांच्या श्रमांविषयी मात्र थोडे बोलायला हवे. ब्रिटनमध्ये १८९९ साली असा कायदा झाला की दुकानात काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे निदान एक बसण्याची जागा मालकाने ठेवावी. १९६४ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १२० क्रमांकाच्या करारातही कामगारांना पुरेशी आणि योग्य आसने असावीत आणि ती वापरण्याची वाजवी संधी मिळावी, असे कलम आहे. एवढे होऊनही प्रचाराच्या टेबलामागे खुर्ची ठेवलेली मी क्वचितच पाहिली आहे. बसलेला माणूस ‘उत्साही’ दिसत नाही, असे एका आयोजकाने मला सांगितले. आठ तास उभा राहिलेला माणूस सातव्या तासाला कितपत उत्साही दिसतो, हे त्यांनी पाहिले नसावे, कारण फोटो सकाळी काढले जातात.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. कार्यक्रम दोन दिवसांचा असतो. तेवढ्यासाठी कोणाला आठवडाभर शिकवायचे, करार करायचे, पूर्ण वेतन द्यायचे, तर खर्च इतका वाढेल की कार्यक्रमच होणार नाहीत आणि आज ज्यांना हे तात्पुरते काम मिळते त्या विद्यार्थ्यांचे आणि गरजूंचे ते कामही जाईल. काही कार्यक्रम होणार नाहीत, हे खरे आहे. ज्या वस्तूबद्दल माणसाला दोन दिवस शिकवणेही परवडत नाही तिच्यासाठी नुसता बॅनर आणि नमुन्यांची टोपली पुरते. बॅनर खोटे बोलला तर निदान ते खोटे छापील राहते आणि पुढे दाखवता येते. उरलेल्या कार्यक्रमांसाठी खर्चाचा हिशेब मला इतका बिकट वाटत नाही. आज एकच एजन्सी दर आठवड्याला नव्या वस्तूसाठी नवी माणसे गोळा करते. त्याऐवजी त्याच चार माणसांना एकाच प्रकारच्या मालावर वर्षभर ठेवले, तर पहिल्या महिन्यात शिकवलेले अकरा महिने उपयोगी पडते. आणि कागद पाठ करून घेण्याऐवजी त्याच अर्ध्या तासात तीन गोष्टी सांगता येतात: ही वस्तू कोणी वापरू नये, घटकांची यादी कुठे आहे आणि ती कशी वाचायची, आणि जे माहीत नाही त्याला ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ असे उत्तर द्यायला पूर्ण मुभा आहे. यांतली तिसरी गोष्ट करारात लिहून दिली, तर सुपरवायझरने मान वर करून पाहिले तरी बोलणारीला आवाज खाली आणावा लागणार नाही.